ओल्या दारांची आळी

आमच्या भाऊला चित्र काढता येत नसे. लहानपणी त्याने काढलेली गाय पाहून आईने विचारलं होतं, हे टेबल कोणाचं रे? तरी डोंगराच्या पायथ्यापासून समुद्राच्या वाळूपर्यंत सगळे त्याला रंगारीच म्हणायचे, कारण तेवढ्या भागातली निम्मी दारं त्याच्या हातची होती. मी त्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, शिवणकाम करते, आणि माझी जीभ सुईपेक्षा टोकदार आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. वहिनी लवकर गेली. तेव्हापासून भाऊचं घर मी चालवलं, त्याची एकुलती मुलगी मी वाढवली. त्यामुळे त्याच्याबद्दल सांगायचं झालं तर ते मीच सांगणार.

आमचा जिल्हा म्हणजे एक लांबट पट्टी. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधे जागा इतकी कमी की उतारावरून सुटलेलं चाक थेट मिठागरात जाऊन पडावं. उतारावर राहतो ते आम्ही. खाली सपाटीला मिठागरवाले. त्यांच्या पणज्यांना कोणत्या तरी मालकाने उत्तरेकडून मजुरीला आणलं आणि परत न्यायला तो विसरला. त्याच्याही पलीकडे, वाळूच्या टेकड्यांच्या आड, किनाऱ्याचे लोक. ते कधीकाळी पाण्यावरून आले. घरात त्यांची भाषा वेगळी, पण भांडण लागलं की आमच्या भाषेवर येतात, कारण शिव्या आमच्याकडे चांगल्या आहेत. देवही तीन तऱ्हांचे. एकाला घंटा लागते, एकाला हाक लागते, एकाला नुसती शांतता पुरते. आणि मूळचे इथले कोण, असं विचारलं तर तिन्हीकडून उत्तर एकच, आम्ही.

हे तिन्ही लोक खरे मिसळले ते खाडीच्या पुलाजवळच्या आमच्या आळीत. आळीच्या एका बाजूला उतारवाल्यांची घरं, समोरच्या बाजूला किनाऱ्यावाल्यांची, आणि पुलाच्या तोंडाशी मिठागरवाल्यांची चार-दोन. कोणाचं घर कोणतं ते दारावरून कळे. त्यात धर्म-बिर्म काही नव्हता, होती ती काटकसर. किनाऱ्यावाले होडीला लावून उरलेला निळा रंग दाराला फासत. मिठागरवाले चुना मारत, तोच त्यांना परवडे. आमच्या उतारावर तांबडी माती फुकट, ती जवसाच्या तेलात घोटून आम्ही दारं तांबडी करत असू. असं करता करता रंग लोकांचे झाले आणि लोक रंगांचे. भाऊ तिन्ही रंग लावायचा आणि तिघांच्याही घरी चहा प्यायचा.

भाऊच्या मुलीला आम्ही टिटवी म्हणायचो, कारण जन्मली तेव्हापासून तिचा आवाज आळीच्या दोन्ही टोकांना ऐकू येई. टिटवीने लग्न केलं ते समोरच्या रांगेतल्या होड्या बांधणाऱ्या सुताराशी. आमचा थोरला भाऊ, अप्पा, तेव्हा भडकला होता. अप्पाची पिठाची गिरणी. भाऊ म्हणजे पाणी, तर अप्पा म्हणजे जातं, एकदा फिरायला लागला की थांबत नाही. आपल्यातली मुलं काय संपली होती का, असं तो आळीभर विचारत सुटला. पण टिटवीच ती. तिने पहिल्याच आठवड्यात दळणाचा डबा नेऊन त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, काका, बारीक दळा, सासूला दात नाहीत. अप्पाने दळून दिलं. त्यानंतर तिचं दळण तो दुसऱ्या कोणाला लावू देत नसे. घरं समोरासमोर असल्याने लेक सासरी गेली असं आम्हाला वाटलंच नाही. रस्ता ओलांडला की माहेर.

मग त्या वर्षी पलीकडच्या जिल्ह्यातून धूर दिसायला लागला. भूशिराच्या मागून वर यायचा, पातळ, दुपारच्या वेळी. कोणी म्हणालं, शेतं जाळत असतील. त्या दिवसांत कोण शेतं जाळतं? पण सगळ्यांना ते उत्तर सोयीचं होतं, म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. पुढे किनाऱ्यावर जाणारी बस पुलापर्यंतच यायला लागली. कंडक्टर म्हणे, वरून तसं सांगितलंय. मग भोंगा लावलेली एक जीप फिरू लागली. तिच्यातला माणूस अगदी गोड आवाजात सांगायचा की किनारा मुळात उताराचाच आहे, पाहुण्यांनी आता आपापल्या घरी जावं. जीप गेली की समोरच्या रांगेतल्या बायका आमच्याकडे बघायच्या आणि आम्ही हातातल्या कामाकडे बघायचो. एका सकाळी मिठागरवाल्यांची पांढरी दारं बाहेरून कुलपं लावलेली दिसली. सामान कधी हललं, कोणालाच कळलं नाही. पुलावरची पोलीस चौकीही बंद झाली. बाहेर नुसती खुर्ची राहिली.

भाऊकडे पहिल्यांदा आली ती समोरची जाळी विणणारी विधवा. दार रंगवून हवंय म्हणाली. भाऊने निळा डबा उचलला. ती म्हणाली, निळा नको, या वेळी जरा तांबडा लावून बघू. भाऊ तिच्याकडे बघत राहिला. तिने नजर खाली घातली आणि पुटपुटली की तांबड्यावर मळ दिसत नाही. ती गेल्यावर भाऊने मला एवढंच विचारलं की जवसाचं तेल घरात किती आहे.

एकीचं पाहून दुसरी आली, मग तिसरी. भाऊ कोणाला नाही म्हणाला नाही. काही दिवसांतच समोरची रांग तांबडी झाली. आळीच्या मधे उभं राहिलं तर आपण नक्की कोणत्या बाजूला तोंड करून उभे आहोत, कळू नये. एक टिटवीचं दार तेवढं निळं उरलं. ते तिच्या नवऱ्याने स्वतः घडवलं होतं. होडीच्या उरलेल्या फळ्यांचं, खिळा न वापरता. टिटवी ऐकेना. म्हणाली, मी काय चोरी केलीय? इथेच जन्मले, समोरून इकडे आले, मला कोण पाहुणी म्हणतं ते बघू. भाऊने तिला निघून जा म्हणून सांगून पाहिलं होतं, पण सासू अंथरुणाला खिळलेली, तिला उचलून कुठे नेणार? शेवटी भाऊ तिच्या उंबऱ्यावर बसला. माझ्या भावाला मी रागावलेला क्वचित पाहिलाय, आणि हात जोडलेला तर तेव्हाच. त्याने मुलीपुढे हात जोडले. टिटवी आत निघून गेली, आणि भाऊने तिच्या दाराला तांबडा हात दिला.

आता चूक सांगते. बाहेरच्या माणसाला ती चूक वाटणार नाही. आमच्याकडे दारं रंगवायची ती वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागला की. तो वारा कोरडा असतो, जवसाचं तेल धरून ठेवतो. उलट समुद्राचा खारा वारा असताना तांबडा रंग सुकतच नाही. आठवडे उलटले तरी बोट लावा, बोटाला येतो. हे भाऊला ठाऊक नव्हतं असं नाही, त्यानेच मला शिकवलेलं. पण लेकीच्या काळजीत माणसाचं डोकं एकाच दिशेने धावतं. त्याने रंग बघितला, वारा बघितला नाही. आणि आम्हीही, जन्म इथे काढलेले, तांबड्या दारांकडे पाहून सुटकेचा निःश्वास टाकला. दारं ओली आहेत हे रोज दिसत होतं. त्याचा अर्थ काय होतो, ते कोणाच्या मनातच आलं नाही.

ते एका मोटारसायकलवाल्याने दाखवून दिलं. अनोळखी तरुण, कपडे चांगले, बोलणं अदबीचं. आळीत आला, मला मावशी म्हणाला, प्यायला पाणी मागितलं. पाणी पिता पिता समोर जाऊन विधवेच्या दाराला हात टेकून उभा राहिला. हात काढला तर तळवा लाल. त्याने तळव्याकडे पाहिलं. मग शेजारच्या दाराला बोट लावून पाहिलं, त्याच्या शेजारच्याला लावून पाहिलं. मग रस्ता ओलांडून आमच्या रांगेत आला आणि अप्पाच्या दारावरून बोट फिरवलं. ते कोरडं. तो हसला. पेला मला परत देताना म्हणाला, "मावशी, या दिवसांत कोणी दारं रंगवतं का? आम्हीसुद्धा उताराचेच आहोत." आणि गेला.

मी पेला तिथेच ठेवून घरात धावले. भाऊला सांगितलं तेव्हा तो ब्रश धूत होता. तो ब्रश तसाच हातात धरून बसून राहिला, त्यातून पाणी गळत होतं. मग म्हणाला, मीच खूण करून ठेवली गं. निळी होती तेव्हा निदान निळीच होती, आता तर लपायला गेलेली दिसतायत. तो बोलला ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उपाय सुचला. समोरची दारं सुकवता येत नव्हती, पण आमची ओली करता येत होती. दोन्ही रांगा ओल्या असल्या तर बोट लावून काय कळणार? त्याने उरलंसुरलं तेल आणि माती एकत्र केली, आधी आपलं दार रंगवलं आणि मग अप्पाकडे गेला. आमच्या रांगेत अप्पाचा शब्द चाले. त्याने हो म्हटलं की बाकीचे हो म्हणत. अप्पाने सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ गिरणीचा पट्टा चाचपत राहिला आणि शेवटी म्हणाला, लाव. भाऊच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने हात दुखेपर्यंत आमची सगळी रांग रंगवली. जेवायला घरी आला तेव्हा कित्येक दिवसांनी त्याने माझ्या आमटीला नावं ठेवली. मला इतकं बरं वाटलं की मी भांडलेसुद्धा नाही.

ऊन कलायच्या आत मला रॉकेलचा वास आला. दार उघडून पाहिलं तर अप्पा हातात चिंधी घेऊन आपलं दार पुसत होता. रॉकेलमध्ये बुडवायचा, पुसायचा, पिळायचा. खालचा जुना कोरडा तांबडा रंग वर येत होता. त्याच्या पलीकडे शेजारी पुसत होता, त्याच्याही पलीकडचा पुसत होता. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. भाऊ माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याने हे पाहिलं आणि सरळ अप्पापुढे जाऊन उभा राहिला.

"सकाळी हो म्हणालास," भाऊ म्हणाला.

अप्पाने पुसणं थांबवलं नाही. "सकाळी म्हणालो. मग घरात गेलो, नातवंडं जेवत बसली होती. तुझ्या लेकीसाठी त्यांना पणाला लावू? सुक्याबरोबर ओलंही जळतं, भाऊ. ते एका एका दाराला विचारत बसणार नाहीत."

"माझी लेक तुझी कोणी नाही?"

यावर अप्पाचा हात थांबला. पण लगेच त्याने चिंधी पुन्हा बुडवली आणि म्हणाला, "तूही पूस. अजून वेळ आहे."

मला अप्पाचा गळा धरावासा वाटला. पण आतून त्याच्या नातवंडांचे आवाज येत होते. भाऊने चिंधी घेतली नाही. तो रस्ता ओलांडून गेला, समोरच्या प्रत्येक घरात शिरला आणि सांगितलं, निघा. पण निघायचं कुठे? डोंगराकडे आम्ही उतारवाले, पुलावरून येणार ते जीपवाले. राहिला समुद्र. आणि त्या वेळी ओहोटी होती, होड्या खाडीच्या चिखलात कुशीवर पडल्या होत्या. पाणी चढायला संध्याकाळ होणार होती. तरीही काही जण पोरंबाळं घेऊन चिखलातून होड्यांकडे गेले आणि त्यांत दडून बसले. टिटवीचा नवरा आधीच खाली गेला होता, होड्या पाण्यात ढकलायला माणसं लागणार म्हणून. विधवा म्हणाली, मी कुठे जाऊ, माझी जाळी इथे आहेत.

टिटवीची सासू चालू शकत नव्हती. भाऊने आणि मी तिला चादरीत घालून रस्त्यापलीकडे आमच्या घरात आणलं. टिटवी डोक्याशी, आम्ही दोघं पायांशी. म्हातारी वाटभर विचारत होती, दळण आणायला निघालात का? माजघरात तिला निजवलं, टिटवीला तिच्याजवळ बसवलं आणि दाराला आतून अडसर घातला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आमचं दार पुसायचं राहिलं. आमच्या रांगेत तेवढं एकच दार ओलं होतं. मी चिंधी शोधायला धावले. रॉकेलची बाटली तिरकी केली, थेंब पडला नाही. आणि बाहेर गाड्या थांबल्याचा आवाज आला.

खिडकीच्या फटीतून मला रस्ता दिसत होता. ते आरडाओरडा करत आले नाहीत. तसं केलं असतं तर बरं वाटलं असतं. समोरच्या रांगेत आणि आमच्या रांगेत असे दोन्हीकडून निघाले, आणि हाताने दारं चाचपत चालू लागले, जसा दुकानात कोणी कापडाचा पोत बघतो. समोरच्या रांगेत प्रत्येक दाराशी एकेक जण थांबत गेला. आमच्या रांगेत कोणी थांबत नव्हतं. मग आमच्या दारावर हात पडला, आणि थांबला.

"हे ओलं आहे," कोणीतरी म्हणालं. आवाज ओळखीचा होता, पाणी मागितलेला. "इकडच्या रांगेत हे कसं? कोणाचं घर हे?"

टिटवीने सासूच्या तोंडावर हात ठेवला होता. भाऊने माझा हात धरला. त्याच्या बोटांवरचा रंग माझ्या बोटांना चिकटला.

अप्पा त्याच्या उंबऱ्यावर उभा होता. त्याच्या अंगाला रॉकेलचा वास येत असणार, आणि त्याने काय केलंय ते त्या माणसाला न सांगता कळलं असणार. त्याने तोंड उघडेपर्यंत मी त्याला आयुष्यभराचं सगळं माफ केलं आणि ती माफी परतही घेतली.

"रंगाऱ्याचं," अप्पा म्हणाला. "माझा धाकटा भाऊ. रोज नवा घाणा घोटतो आणि आपल्याच दारावर फासून बघतो. रंगाऱ्याचं दार कधी सुकलेलं पाहिलंय का कुणी?"

कोणीतरी हसलं. मग तो हात दारावरून निघाला. हात पुसायला त्याने अप्पाकडे चिंधी मागितली आणि अप्पाने दिली.

समोरच्या रांगेचं मी सांगणार नाही. एवढंच सांगते की विधवेचं दार सर्वांत आधी उघडलं गेलं, आणि पाणी चढलं तेव्हा खाडीतल्या सगळ्या होड्या काही तरंगल्या नाहीत. टिटवीच्या नवऱ्याची तरंगली. तो उजाडायच्या आत टिटवीला आणि आईला घेऊन गेला. आता ते पाण्यापलीकडे आहेत आणि टिटवी तिकडे कोणाशी तरी भांडत असेल अशी मी आशा करते.

त्यानंतर भाऊने ब्रश हातात धरला नाही. समोरच्या घरांत उतारावरचे नवे लोक येऊन राहिले, त्यांनी बोलावलं तर त्याने हात दुखतो म्हणून सांगितलं. पण रोज सकाळी, माझा चहा अर्धा टाकून, तो अप्पाच्या गिरणीवर जाऊन बसायचा. मी एकदा चिडून विचारलं, तिथे कशाला मरायला जातोस, त्याच माणसामुळे सगळी आळी गेली ना? भाऊ म्हणाला, "त्याच्यामुळेच माझी लेक वाचली. त्याच्या पाया पडू की तोंडावर थुंकू, ते ठरत नाही. ठरलं की येईन घरी."

गिरणी चालू असायची, त्या आवाजात बोलणं तसंही शक्य नव्हतं. अप्पा दळत राहायचा आणि भाऊ पोत्यावर बसून राहायचा. भाऊ गेला त्या दिवशीही सकाळी तो तिथेच जाऊन आला होता.